जॅझची पाठशाळा

जॅझ या पाश्चात्य संगीतप्रकाराविषयीं आमच्या सुशिक्षित समाजांत जे समज रूढ आहेत, त्यांत हें संगीत शाळेवांचून जन्मलें व शाळेवांचूनच वाढलें, हा समज सर्वांत दृढ आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील ज्या घरांत मुलांस तबला-पेटी शिकविण्याचा रिवाज पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, तेथेंही जॅझ म्हटलें कीं हॉटेल, मद्याचा पेला, आणि नाचणाऱ्या जोडप्यांच्या पाठीमागें कर्णा फुंकणारा कोणी एक वादक, एवढेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. यामुळें एखाद्या संगीत महाविद्यालयाचे अध्यापक, विद्यार्थी व माजी विद्यार्थी मिळून जॅझची सभा करणार आहेत असें वृत्त वाचनांत आलें, तर तें पुष्कळांस विपरीत वाटतें. हॉटेलांतील वस्तु विद्यालयांत कशी आली, असा प्रश्न ते करतात. आमच्या मतें प्रश्न उलट बाजूनें विचारावयास हवा. विद्यालयांतील वस्तु हॉटेलांत कशी गेली, आणि तेथें गेल्यावर तिच्या शिक्षकांचीं नांवें कोणी पुसून टाकलीं, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तरांत महाराष्ट्राचा व गोमंतकाचा भाग लहान नाहीं.

प्रथम या संगीताच्या जन्मभूमीकडे पाहूं. लुई आर्मस्ट्राँग हा जॅझचा सर्वश्रुत महापुरुष. न्यू ऑर्लीन्स शहरांत १९०१ सालीं अत्यंत दरिद्री कुटुंबांत जन्मलेला हा मुलगा नववर्षाच्या रात्रीं रस्त्यांत पिस्तुल झाडल्याबद्दल पकडला गेला व कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहांत रवाना झाला. तेथें पीटर डेव्हिस नांवाचे शिक्षक मुलांचें वाद्यवृंद चालवीत असत. त्यांनीं १९१३ च्या सुमारास या मुलाच्या हातीं प्रथम लहानसहान वाद्यें व शेवटीं कॉर्नेट दिलें, आणि पुढें त्यासच वृंदाचा नायक केलें. आर्मस्ट्राँगला साऱ्या जगानें ओळखलें; पीटर डेव्हिस हें नांव मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसें कोणास ठाऊक नाहीं. डब्ल्यू. सी. हँडी, ज्यांस 'ब्लूज'चे जनक म्हणतात, ते शतकाच्या आरंभीं अलाबामांतील एका महाविद्यालयांत संगीताचे अध्यापक होते. जिमी लन्सफर्ड हे मेंफिस येथील माध्यमिक शाळेंत शिक्षक असतां त्यांनीं १९२७ सालीं आपल्याच विद्यार्थ्यांचें वाद्यवृंद उभारलें. तेंच वृंद कांहीं वर्षांत न्यू यॉर्कच्या कॉटन क्लबपर्यंत जाऊन पोंचलें. शिक्षक व शिष्य यांनीं एका रंगमंचावर बसून जॅझ वाजविण्याची प्रथा ही अशी जुनी आहे. विद्यापीठांनीं तिला पदवीची मुद्रा मागाहून दिली. बोस्टन येथें आज बर्कली या नांवानें प्रसिद्ध असलेली संस्था १९४५ सालीं निघाली, व टेक्सास प्रांतांतील डेंटन येथील महाविद्यालयानें १९४७ सालीं या विषयाचा पदवी-अभ्यासक्रम सुरू केला. तोही 'नृत्यवृंद' या सोज्वळ नांवाखालीं, कारण जॅझ हा शब्द त्या काळीं विद्वत्सभेंत उच्चारण्यासारखा नव्हता.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. ठाण्याच्या वाचकांस पोर्तुगीज अंमलाची आठवण करून देण्याचें कारण नाहीं. मासुंदा तलावाजवळचें सेंट जॉन बॅप्टिस्टचें चर्च त्यांच्या नित्य दृष्टीस पडतें, आणि १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी अप्पांनीं साष्टी व वसई कशी घेतली, हें आमच्या मुलांस तोंडपाठ असतें. त्या मोहिमेची एक खूण म्हणून भीमाशंकराच्या देवळांतील घंटा दाखविली जाते. चर्चसाठीं ओतलेली घंटा देवळांत बांधली म्हणून तिचा नाद बाटला, असें कोणाही भाविकास आजवर वाटलेलें नाहीं. संगीताच्या इतर साधनांविषयीं हीच उदारता आपण दाखविली असती, तर पुढील हकीगत अधिक लोकांस माहीत असती.

गोमंतकांत पोर्तुगीजांनीं चर्चला जोडून ज्या शाळा काढल्या, त्यांत धर्मोपदेश व अक्षरओळख यांबरोबर संगीतही शिकविलें जाई. उपासनेस गायकवृंद लागे, त्यासाठीं मुलांस स्वरलिपि वाचतां येणें आवश्यक होतें. म्हणून गांवोगांव 'मेस्त्री' नेमलेला असे. हा मेस्त्री मुलांकडून आधीं तोंडानें स्वर घोकून घेई, मग हातीं व्हायोलिन देई. शिस्त कडक व छडी तयार! हेतु केवळ धार्मिक होता. परंतु एखादी विद्या ज्या हेतूनें दिली जाते, त्याच हेतूच्या कुंपणांत ती राहते, असें शिक्षणाच्या इतिहासांत सहसा घडत नाहीं. शेतीवर पोट भरेना, तेव्हां स्वर वाचणारीं हीं मुलें मुंबईस आलीं. लष्करी व पोलिसी बँड, संस्थानिकांचीं वाद्यवृंदें, मूक चित्रपटांच्या पडद्यापुढें वाजविणाऱ्या मंडळ्या, लग्नाच्या वराती, सर्वत्र त्यांस काम मिळालें. धोबीतलाव व गिरगांव या बाजूस गांवोगांवच्या गोमंतकीयांनीं चालविलेल्या 'कुडां'त ते उतरत आणि पेटींत कपड्यांबरोबर व्हायोलिन किंवा ट्रंपेट घेऊन काम शोधीत फिरत. लिहिलेलें वाद्यसंगीत समोर ठेवतांच वाजवून दाखविणारा असा वर्ग त्या काळीं हिंदुस्थानांत दुसरा विरळाच होता.

या मंडळींस जॅझचा दुसरा गुरु १९३५ सालीं भेटला. त्या वर्षीं लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचें वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आलें. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि शिकागोहून शांघायमार्गें आलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे या देशांत राहिले. वेदरफोर्ड तर १९४५ सालीं कलकत्त्यांतच वारला. आपल्या देशांत ज्यांस गोऱ्यांच्या हॉटेलांत मानानें बसतां येत नव्हतें, असे हे कलावंत येथें बड्या हॉटेलांचे मुख्य वादक झाले; आणि त्यांच्या वृंदांत फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोमंतकीय तरुणांस जागा मिळाली. मेस्त्रीनें शिकविलें होतें तें कागदावरचें सर्व. अमेरिकन उस्तादांनीं शिकविलें तें कागदावर न मावणारें: मात्रेच्या किंचित् मागें राहून वाजविणें, स्वरास घसरण देणें, आणि आपली पाळी आली कीं लिहिलेलें बाजूस सारून स्वतःचें बोलणें. पाठशाळेची ही दुसरी इयत्ता होती, आणि तिचे वर्ग रात्रीं भरत. पुढें १९३९ पासून सुमारें दोन दशकें मिकी कोरिया यांचें वृंद ताजमध्यें वाजत राहिलें.

येथवरची कथा हॉटेलाची झाली. ती आमच्या घरांत कशी शिरली, हें पाहण्यासाठीं दोन विद्यार्थी डोळ्यांपुढें आणावे. पहिला अंतोनियु झेवियर वाझ, बारदेशांतील हळदोणें गांवीं १९१६ सालीं जन्मलेला, चर्चच्या शाळेंत संगीत शिकलेला. यानेंच 'चिक चॉकलेट' हें नांव घेऊन आर्मस्ट्राँगच्या वळणावर ट्रंपेट वाजविलें. दुसरा रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यास १९१८ सालीं जन्मलेला, गांधर्व महाविद्यालयाच्या परंपरेंत विनायकबुवा पटवर्धनांपाशीं शिकलेला. यासच लोक सी. रामचंद्र म्हणून ओळखतात. एकाची पाठशाळा चर्चची, दुसऱ्याची विष्णु दिगंबरांची. एकास स्वर लिहितां येत, दुसऱ्यास ते गळ्यांतून काढतां येत. हे दोघे चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहांत एकत्र आले, आणि १९५१ सालीं भगवानदादा पालव यांच्या 'अलबेला' चित्रपटानें साऱ्या देशास ताल धरावयास लावलें. त्या चित्रपटांत चिक चॉकलेट आपल्या मंडळीसह पडद्यावरही दिसतात. आमच्या वडील पिढीनें तीं गाणीं गणपतीच्या मांडवांत ऐकलीं, वरातींत ऐकलीं, आणि त्यांत जॅझ आहे हें कोणी सांगितलें नसल्यामुळें निःशंकपणें तीं आपलीं मानलीं.

या एकत्र येण्याचें कारण अगदीं व्यावहारिक होतें. आमचे संगीतदिग्दर्शक चाल बांधीत ती पेटीवर व गळ्यांत. परंतु तीस-चाळीस वादकांस एकाच वेळीं काय वाजवावयाचें तें सांगणें गळ्याचें काम नव्हे. प्रत्येकाचा भाग कागदावर उतरला पाहिजे. तो उतरविणारा मनुष्य बहुधा गोमंतकीय असे. फाळणीपूर्वीं लाहोरच्या हॉटेलांत वृंद चालविणारे सेबॅस्टियन डिसोझा हे मुंबईस येऊन शंकर-जयकिशन व ओ. पी. नय्यर यांच्यासाठीं वर्षानुवर्षें हेंच करीत राहिले. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें हॉटेलांतील रात्री ओसरूं लागल्या, तसतसे अधिकाधिक वादक चित्रपटांकडे वळले. पडद्यावरील नामावळींत मात्र त्यांस स्थान मिळालें तर 'साहाय्यक' म्हणून, आणि पुष्कळदां तेंही नाहीं. आपल्याकडे बंदिशीच्या कर्त्याचें नांव चिजेंतच गुंफण्याची पद्धत आहे. गाणारा कोणी असो, कर्ता स्मरणांत राहतो. येथें कर्त्यांचा एक संपूर्ण वर्ग आमच्या कानांत वसला, आणि त्याचें नांव आमच्या जिभेवर आलें नाहीं.

या अन्यायाचें अंशतः परिमार्जन एका शिष्यानें केलें, ती हकीगत सांगण्यासारखी आहे. दक्षिण गोव्यांतील माजोर्डें गांवीं १९२७ सालीं जन्मलेले अंथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायकवृंदाच्या शिक्षकाचे पुत्र. मुंबईस ते चित्रपटांत व्हायोलिन वाजवीत व वृंदरचना करीत. शिवाय मुलांस शिकवीत. राहुलदेव बर्मन व प्यारेलाल हे त्यांच्याकडे शिकले. गोन्साल्विसांस हिंदुस्थानी रागांची विलक्षण ओढ होती. १९५८ सालीं त्यांनीं स्वतःच्या हिंमतीवर मोठें वाद्यवृंद उभें करून सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणांत रागांवर आधारलेल्या वृंदरचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. हें जॅझ नव्हतें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु चर्चच्या शाळेंतून निघालेला मनुष्य महाविद्यालयाच्या अंगणांत आपली विद्या आपल्या नांवानें मांडतो, हा प्रसंग आमच्या विषयाच्या केंद्रस्थानीं आहे. उपक्रम टिकला नाहीं. गोन्साल्विस १९६५ सालीं अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठांत गेले, आणि परतल्यावर गोव्यांत शांतपणें राहिले. १९७७ सालीं 'अमर अकबर अँथनी' चित्रपटाच्या एका गाण्यांत प्यारेलालांनीं गुरूचें नांव गुंफलें, व तें देशांतील पोरासोरांच्या तोंडीं झालें. नांव सर्वत्र गेलें; तें खऱ्या मनुष्याचें आहे, हें फारच थोड्यांस कळलें. २०१२ सालीं गोन्साल्विस निवर्तले.

आमच्या वाचकांस विष्णु दिगंबर पलुसकरांचें चरित्र परिचित आहे. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय, १९०८ सालीं मुंबईस त्याची शाखा; गाणें कोठीवरून व दरबारांतून काढून सभ्य गृहस्थांच्या मुलामुलींपर्यंत आणणें, तिकीट लावून जाहीर जलसे करणें, स्वरलिपींत पुस्तकें छापणें, परीक्षा घेणें, हे त्यांचे उद्योग. यांतून तानसेन निघाले कीं कानसेन, हा वाद जुनाच आहे. त्यांचे शिष्य प्रा. बा. र. देवधर यांनीं १९२५ सालीं मुंबईंत स्वतःचें संगीतविद्यालय काढलें आणि पाश्चात्य संगीतही इटालियन गुरूपाशीं विधिपूर्वक शिकून घेतलें. कुमार गंधर्व त्यांच्याच विद्यालयांत घडले. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९२६ सालीं, आमच्या कल्याणांत गायन समाजाची स्थापना झाली. जो मार्ग आमच्या संगीतानें आक्रमिला, तोच मार्ग जॅझ आज आक्रमीत आहे: बदनाम जागेंतून पाठशाळेंत, आणि पाठशाळेंतून सभागृहांत. फरक इतकाच कीं, जॅझच्या बाबतींत पाठशाळा आरंभींही होती; मधल्या काळांत ती झांकली गेली.

आतां अशा सभेंत प्रत्यक्ष काय घडतें, तें थोडक्यांत सांगतों. वृंद आधीं एक लहानशी चाल सर्वांनीं मिळून वाजवितें. ही बहुधा बारा किंवा बत्तीस आवर्तनांची असते, व तिच्याखालीं स्वरसंघांचा एक ठरलेला क्रम वाहत असतो. चाल संपली तरी क्रम थांबत नाहीं. तो पुनःपुनः फिरत राहतो, आणि त्याच्यावर एकेक वादक पाळीपाळीनें तत्क्षणीं सुचेल तें वाजवितो. शेवटीं सर्व जण मूळ चालीवर परत येतात. बंदिशीवर येणारा बढतीचा गायक व समेवर येणारा तबलजी ज्यानें ऐकला आहे, त्यास यांत अनोळखी कांहीं नाहीं. भेद आहे तो आसनांच्या मांडणींत. आमच्या बैठकींत शिष्य गुरूच्या मागें तंबोरा घेऊन बसतो, व खूण झाली तरच गळा मोकळा करतो. जॅझच्या सभेंत अध्यापकानें वाजवून संपविलें कीं पुढचीं बारा आवर्तनें विद्यार्थ्याचीं. गुरूनें टाकलेला स्वरवाक्यांश त्यानें उचलावा, उलटा करावा, नाकारावा; आणि त्या वेळीं गुरूनें त्याची साथ करावी. साथ करणें येथें कमीपणाचें मानीत नाहींत.

याच ठिकाणीं आम्हांस, अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्यांस, या सभेचें मर्म दिसतें. परीक्षेंत विद्यार्थी आमच्यापुढें उभा असतो. येथें दोघेही श्रोत्यांपुढें उभे असतात. विद्यार्थ्याची चूक झांकावयाची असेल तर अध्यापकानें तत्काळ कांहीं वाजविलें पाहिजे. आणि विद्यार्थी वरचढ निघाला तर तें लपवावयास निकालपत्रक नाहीं. माजी विद्यार्थ्यांचें काम याहून निराळें. बाहेरच्या जगांत जें चालतें तें ते घेऊन येतात, आणि विद्यालयानें जें शिकविलें त्यांतील काय टिकलें व काय गळलें, याची साक्ष देतात. आमच्या इतर महाविद्यालयांत अशी सार्वजनिक तपासणी असती, तर पुष्कळ अभ्यासक्रम एका वर्षांत बदलावे लागले असते!

असो. या देशांत जॅझ ऐकणारा वर्ग कसा वाढला, याचाही धागा येथें जोडतों. १९५८ सालीं डेव्ह ब्रूबेक मुंबईस आले असतां सतारिये अब्दुल हलीम जाफर खां यांच्याबरोबर वाजविण्यास बसले. १९६३ सालीं ड्यूक एलिंग्टन आले, १९६४ सालीं खुद्द आर्मस्ट्राँग. नंतर १९७८ सालीं निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानें धोबीतलावच्या रंगभवनांत 'जॅझ यात्रा' भरली, व तींत सॉनी रॉलिन्स यांच्यासारखे वादक आले. रंगभवन सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारींच. गोमंतकीयांच्या कुडी, गोन्साल्विसांचें प्रांगण आणि ही यात्रा, हा सारा इतिहास अशा रीतीनें जवळपासच्या कांहीं गल्ल्यांत सामावलेला आहे. ध्वनीच्या नियमांमुळें रंगभवनांतील रात्रीच्या सभा पुढें बंद पडल्या. २०१३ सालीं मुंबईंत 'ट्रू स्कूल ऑफ म्यूझिक' ही जॅझचें पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन स्कूलच्या सहकार्यानें निघाली. तिकडे बोस्टनच्या बर्कलींत २०११ सालीं ॲनेट फिलिप यांनीं हिंदुस्थानी संगीताचें वृंद स्थापिलें. विद्यार्थी व माजी विद्यार्थी मिळून चालविलेल्या त्या वृंदाची 'शुरुआत' ही ध्वनिमुद्रिका २०२२ सालीं निघाली व ग्रॅमी पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत पोंचली. त्यांत शंकर महादेवन व झाकीर हुसेन विद्यार्थ्यांबरोबर बसलेले आहेत.

कोणी म्हणेल, आमचें स्वतःचें संगीत जतन करण्याचें काम पुरें पडलें नसतां हा परकीय प्रपंच कशाला? या शंकेंत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पेटीही परकीयच होती. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनें तिला बहिष्कृतही केलें होतें, आणि तरी नाट्यसंगीताचें वैभव तिच्याच व ऑर्गनच्या स्वरांवर उभें राहिलें. वाद्य कोठून आलें यापेक्षां तें वाजविणाऱ्यास कोणी शिकविलें व त्याचें ऋण कोणी मानलें, हा आम्हांस अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. आमच्या ठाण्या-डोंबिवलींत गुरुपौर्णिमेस गल्लोगल्लीं गायनवर्गांचे कार्यक्रम होतात; लहान मुलें, संसारांत पडलेले जुने शिष्य व स्वतः गुरुजी एका सतरंजीवर बसतात. जॅझच्या विद्यालयीन सभेचें तत्त्व याहून वेगळें नाहीं. गडकरी रंगायतनासारख्या रंगमंचावर एखाद्या गुरुपौर्णिमेस अशा विद्यालयाच्या अध्यापक-विद्यार्थ्यांस पाचारण केलें, तर आमच्या मुलांस एका संध्याकाळींत पुष्कळ कळेल. विशेषतः गुरूच्या उपस्थितींत स्वतःचें बोलण्याचें धैर्य.

आमची त्यापुढील सूचना अगदीं लहान आहे व तिला खर्च नाहीं. अशा सभेची कार्यक्रमपत्रिका छापतांना प्रत्येक वादकाच्या नांवाखालीं त्याच्या पहिल्या शिक्षकाचें नांव द्यावें. मग तो शिक्षक पदवीधर असो, गायनवर्गाचे बुवा असोत, कीं एखाद्या चर्चमधला म्हातारा मेस्त्री असो. सी. रामचंद्रांच्या नांवाखालीं विनायकबुवांचें नांव लिहितां येतें, कारण आम्हीं तें जपून ठेवलें. चिक चॉकलेट यांस हळदोण्याच्या शाळेंत ज्यानें प्रथम सूर लावावयास शिकविलें, त्याच्या नांवाची ओळ आम्हांस कोरी सोडावी लागते.